बिनघामाचं इंग्रजी

निजामाच्या सबंध मुलखात इंग्रजी येत नसूनही इंग्रजीची भीती न वाटणारा एकच माणूस होऊन गेला, आणि माझ्या नशिबाने तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. त्या काळी आमच्या बीदर-गुलबर्ग्याच्या भागात साहेब दिसला की भले भले लोक धोतराचा सोगा सावरत दुसऱ्या गल्लीने जात. कचेरीत उर्दू, घरात मराठी, नात्यागोत्यात कानडी आणि औरादच्या बाजूला बाजारहाटापुरती तेलुगू, एवढ्यावर माणसाचा जन्म सुखाने पार पडत असे. पाचव्या भाषेची कुणाला गरजही नव्हती आणि हौसही नव्हती. दाजींना मात्र होती. "चार भाषा मी कुठं शिकाया गेलतो रं?" ते मला विचारत. "आईच्या मागं मराठी आली, मामाच्या घरी कानडी आली, कचेरीत खेटे घालता घालता उर्दू आली. कुणी छडी घिऊन बसलं व्हतं का? पाचवी बी तशीच येईल. आपण निवांत ऱ्हायाचं, फकस्त दार उघडं ठिवायचं." ते दार त्यांनी चांगली पंधरा वर्षं उघडं ठेवलं. इंग्रजी उंबऱ्यापर्यंत येत असे, आत डोकावत असे आणि दाजींना पाहून परत जात असे.

दाजींचं हळ्ळीखेडला कापडाचं दुकान होतं. माल आणायला ते वर्षातून दोन-तीनदा गुलबर्ग्याला जात आणि तिथल्याच स्टेशनावर त्यांना ही विद्या लाभली. झालं असं की, फलाटावर कापडाच्या गठ्ठ्यावर पाय पसरून, डोळे अर्धे मिटून दाजी बसले होते. एक गोरा साहेब घाईघाईने आला आणि उभ्या गाडीकडे बोट दाखवून लोकांना काहीतरी विचारू लागला. हमाल पांगले. काळा कोट घातलेले एक गृहस्थ बुटाची नाडी बांधायला खाली वाकले, ते वर आलेच नाहीत. शेवटी साहेब दाजींपुढे उभा राहिला. त्याच्या बोलण्यातला दाजींना एकच शब्द कळला, तो म्हणजे मद्रास. दाजी पाय आखडून न घेता गोड हसले आणि म्हणाले, "यस." साहेब 'थँक्यू' म्हणून गाडीत चढला आणि गाडी सुटली. ती गाडी मुंबईची होती. साहेब पुढे कुठे उतरला, उतरल्यावर काय बोलला, याची काळजी दाजींनी कधी केली नाही. काळजी केल्याने इंग्रजी बिघडतं, हा सिद्धान्त तोपर्यंत त्यांच्या मनात पक्का झाला होता. एवढ्या लोकांत आपल्यालाच बोलता आलं, कारण एकटे आपणच निवांत होतो, असं ते पुढे कितीतरी वर्षं सांगत. हे खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. बुटाची नाडी बांधणाऱ्या गृहस्थांना त्यांच्यापेक्षा जास्त इंग्रजी येत असणार, पण त्याचा साहेबाला काडीचाही उपयोग झाला नव्हता. दाजींचाही झाला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवसापासून दुपारी दोन ते तीन ही वेळ दाजींनी इंग्रजीला देऊन टाकली. जेवण झालं की ते दुकानाच्या गादीवर येत, पागोटं काढून खुंटीला लावत, अंगरख्याचे बंद सोडत आणि तांब्याभर ताक पीत. मग जबडा चारी दिशांना फिरवत. हे फिरवणं इतकं मनापासून चाले, की समोरच्या ओट्यावरचा शिंपी पहिल्या दिवशी दाढ दुखते म्हणून लवंग घेऊन धावत आला होता. जबडा मोकळा झाला की दाजी हसत, आणि तास संपेपर्यंत ते हसू उतरत नसे. "हसल्याबिगर इंग्रजी भाईर पडत न्हाई, तिला तसंच तोंड लागतंय," असं त्यांचं मत होतं. हैद्राबादेच्या जुन्या बाजारातून आणलेलं, मधली पानं नसलेलं एक पुस्तक त्यांच्यापाशी होतं. त्यातले जेवढे शब्द मन प्रसन्न करतात तेवढेच त्यांनी घेतले होते. यस, प्लीज, थँक्यू, व्हेरी गुड, व्हेरी हॅपी वगैरे. 'नो' हा शब्द त्यांनी शाईने खोडून टाकला होता. नो म्हटलं की समोरच्याचं मन मोडतं, त्याचं मोडलं की आपलं मोडतं आणि मोडक्या मनाने परभाषा बोलता येत नाही, अशी ही साखळी होती. व्याकरणाची पानं पुस्तकात मुळातच नव्हती, ही ते देवाची कृपा समजत.

मी तेव्हा हुमनाबादच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर होतो. शुक्रवारी शाळेला सुट्टी असे आणि मी बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे, जेवायला जाई. दाजींनी मला इंग्रजीच्या तासाला बसवून घेतलं. मला वाटलं, आपल्याकडून धडे घेणार. पण त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "हे बघ, माझं चुकलं तर सांगायचं न्हाई. चूक सांगितली की मन खट्टू होतंय. तू नुस्ती मान हालवायची." त्यामुळे इंग्रजीत शंभरांत पंच्याऐंशी मार्क मिळवलेला मी दर शुक्रवारी तासभर बैलासारखी मान हलवत बसे. "सन इज व्हेरी हॅपी," दाजी म्हणत. मी मान हलवी. "माय ब्रदर-इन-लॉ इज व्हेरी गुड क्लॉथ." मी मान हलवी. एकदा मात्र ते कामासाठी हुमनाबादला आले असताना माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. मी तेव्हा एका मुलाला कर्मणी प्रयोगासाठी हातावर छड्या देत होतो. संध्याकाळी दाजी म्हणाले, "पोरं घामानं भिजलेत की रं. अशा घामात भाषा कशी उगवंल? तू बी घामेजला व्हतास." मला राग आला. ज्याला भूतकाळ आणि भविष्यकाळ सारखेच हॅपी वाटतात, त्याने मला शिकवावं हे जरा जास्त होतं.

दुकानाचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. दोन ते तीन या वेळात दाजी गिऱ्हाइकाशीही इंग्रजीतच बोलत. चिंताकीहून एक बाई मुलीच्या लग्नासाठी लुगडी घ्यायला आली होती. तिने हिरवं लुगडं उचललं. दाजी म्हणाले, "व्हेरी हॅपी कलर." बाईने विचारलं, "अण्णा, ह्याचा रंग जातो का?" दाजी हसत म्हणाले, "यस, यस." बाईने लुगडं खाली ठेवलं. दुसरं उचललं. त्याचाही रंग यस. तिसऱ्याचाही यस. एवढा खरं बोलणारा दुकानदार तिने आयुष्यात पाहिला नव्हता. ती त्याचं कौतुक करत शेजारच्या दुकानात गेली आणि तिथे पाच लुगडी घेतली. तेव्हापासून अक्का दोनच्या सुमाराला ओट्यावर येऊन बसू लागली. गिऱ्हाईक दिसलं की म्हणे, "बाई, आता दुकानात सायेब बसलाय. तीननंतर या, तवा आमचे मालक येतेत."

अक्का स्वतः या विद्येबद्दल काही बोलत नसे. पण त्याआधी कितीतरी वर्षं आतून भांडी घासता घासता ऐकून ऐकून तिला दाजींपेक्षा बरं इंग्रजी समजू लागलं असावं, असा मला संशय होता. एकदा दाजींनी माझ्यापुढे "टुमारो आय वेंट" असं म्हटलं, तेव्हा आत भांडं जरा जोरात आपटलं होतं.

हे सगळं असंच चाललं असतं तर दाजी हा आमच्या घरापुरता विनोद राहिला असता. पण एका उन्हाळ्यात हळ्ळीखेडला इंजिनेर साहेब आला.

गाव आणि हुमनाबादची सडक यांच्यामध्ये एक ओढा आहे. उन्हाळ्यात त्यात गोट्यांशिवाय काही नसतं आणि पावसाळ्यात तो माणसाला आठ-आठ दिवस गावात कोंडून ठेवतो. आदल्या श्रावणात त्याने एक माणूस नेलं होतं. दर आठवड्याला हुमनाबादहून बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन एक कासारीण येई. गावातल्या प्रत्येक बाईचा हात तिला पाठ होता आणि अक्काशी तिचं बहिणीसारखं होतं. त्या दिवशी परतताना पाणी गुडघ्याइतकंच होतं, म्हणून ती उतरली, आणि वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा लोंढा आला. तिची पेटी तीन कोसांवर मिळाली. तिने भरलेला चुडा अक्काने पुढे वर्षभर उतरवला नाही. तेव्हापासून गावाने पुलासाठी अर्जावर अर्ज धाडले होते. आता कळलं, की त्या सडकेवरच्या तीन ओढ्यांपैकी एकावरच पूल मंजूर होणार आणि तो कुठे बांधायचा, हे हा गोरा साहेब ठरवणार. साहेब विलायतेहून नवा आलेला, त्याला उर्दूचा गंध नव्हता आणि त्याचा दुभाषा आदल्या दिवशी थंडीतापाने आडवा झाला होता.

पाटील आधी माझ्याकडे आले. सुट्टीमुळे मी अक्काकडेच होतो आणि सबंध तालुक्यात इंग्रजीचा मास्तर मीच. मी म्हणालो, "माझा घसा बसलाय." हे मी खणखणीत आवाजात म्हणालो. खरी गोष्ट अशी, की मी दहा वर्षं इंग्रजी शिकलो आणि सहा वर्षं शिकवलं, पण जिवंत इंग्रजाशी एक वाक्य बोललो नव्हतो. नुसत्या विचाराने माझ्या जिभेचं चामडं झालं होतं. पाटील दाजींकडे गेले. दाजींनी तांब्याभर ताक घेतलं, जबडा फिरवला आणि निघाले. मी मागे गर्दीत उभा राहिलो.

साहेब ओढ्याच्या कोरड्या पात्रात उभा होता. दाजी त्याच्यापुढे असे गेले, की जणू व्याह्यांना भेटायला चाललेत. साहेबाने गोट्यांवर काठी टेकवत विचारलं, हा ओढा बहुतेक कोरडाच असतो ना? दाजी म्हणाले, "यस सर." बैलगाड्या बाराही महिने जातात? "यस सर. व्हेरी गुड." म्हणजे पुलावाचून तुमचं काही अडत नाही? दाजींच्या चेहऱ्यावर पंधरा वर्षांच्या तपश्चर्येचं हसू पसरलं. "यस, यस. व्हेरी हॅपी. थँक्यू." साहेबाला फार आनंद झाला. पूल नको म्हणणारं गाव त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. त्याने वहीत लिहिलं, दाजींशी हस्तांदोलन केलं आणि घोड्यावर बसून निघून गेला. साहेबाचा हसरा चेहरा बघून काम झालं, असं समजून पाटलांनी जागेवरच दाजींना हार घातला. आणि मी, ज्याला तिन्ही प्रश्न शब्दन् शब्द कळले होते, तो मी हाताची घडी घालून उभा होतो.

संध्याकाळपर्यंत मी ते पोटात ठेवलं. दाजी हार गळ्यात ठेवूनच जेवायला बसले होते आणि अक्का त्यांना दुसऱ्यांदा तूप वाढत होती. तेव्हा मला राहवलं नाही. "दाजी," मी म्हणालो, "तुम्ही साहेबाला सांगितलंत, की आम्हाला पूल नको."

त्यांनी घास खाली ठेवला. मी तिन्ही प्रश्न मराठीत सांगितले. ते ऐकताना त्यांच्या कपाळावर घाम आला. मी त्यांना घामाघूम झालेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते म्हणाले, "तू तिथंच व्हतास न्हवं?"

"होतो."

"मग कामून बोलला न्हाईस?"

"बोलताना चुकलं असतं तर, म्हणून," मी म्हणालो.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली, मी दर शुक्रवारी हलवत असे तशी. अक्का वाटीतलं तूप ढवळत उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "सायेब कुठं उतरलाय?" पलीकडच्या आमराईत त्याचा तंबू आहे, असं मी सांगितलं. "मग सकाळी दोघं बी जावा," अक्का म्हणाली. "आन् त्यो खोडलेला शबुद घिऊन जावा."

सकाळी आम्ही गाडी जुंपून निघालो. दाजींनी पागोटं घट्ट बांधलं होतं, अंगरख्याचे सगळे बंद आवळले होते आणि ताकाला हात लावला नव्हता. वाटेत त्यांनी एकच गोष्ट विचारली, "पाण्याला काय म्हंत्यात, ते वॉटरच न्हवं?" मी हो म्हणालो. साहेब तंबूबाहेर टेबल मांडून चहा पीत होता. कालचा हॅपी माणूस पाहून तो हसला आणि त्याने खुर्ची दाखवली. दाजी बसले नाहीत.

"सर," ते म्हणाले. "यस्टरडे आय यस. टुडे आय नो."

साहेबाला कळलं नाही. दाजींनी छातीवर हात आडवा धरला, मग गळ्यावर, मग डोक्यावर. "वॉटर कम. बिग वॉटर. वन वुमन. बँगल वुमन." त्यांनी मनगटावर बांगड्या भरल्यासारखं करून दाखवलं. "शी गो. नो कम."

साहेबाने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी इंग्रजीचे सगळे काळ आणि सगळे प्रयोग एकदम दाटले, आणि त्यातून मी तोंड उघडलं. "सर, शी वॉज ड्राऊन," मी म्हणालो. याच चुकीसाठी मी त्या मुलाला छड्या दिल्या होत्या. साहेबाला ती चूक दिसलीच नाही. बाई बुडाली, एवढंच त्याला दिसलं. तो दाजींना म्हणाला, मग काल तुम्ही वेगळं का सांगितलंत? दाजींनी शब्द शोधले. पंधरा वर्षांच्या साठ्यातून त्यांना त्या वेळी फार थोडे सापडले.

"यस्टरडे आय हॅपी," ते म्हणाले. "आय राँग."

साहेब त्याच दुपारी परत ओढ्यावर आला. या खेपेला तो पात्रात न थांबता काठावर चढला आणि बाभळींच्या खोडांना माणूसभर उंचीवर अडकलेला वाळका पालापाचोळा त्याने स्वतःच्या काठीने काढून पाहिला. पूर्ण उंचीचा पूल काही आमच्या वाट्याला आला नाही, तो दुसऱ्या गावाला गेला. दोन वर्षांनी आमच्या ओढ्यावर पात्रालगतच्या बुटक्या पुलासारखी दगडी फरशी झाली, दोन्ही कडांना खुणेचे खांब असलेली. मोठ्या पुरात ती अजून बुडते, पण कुठवर पाणी आहे ते खांबांवर दिसतं आणि माणूस अलीकडेच थांबतो. एवढं दाजींच्या त्या पंधरा-सोळा शब्दांनी मिळालं. माझ्या व्याकरणाने त्यात भर घातली म्हणायची, तर एका चुकीची घातली.

दाजींनी इंग्रजी सोडलं नाही. दुपारचं ताकही चालू राहिलं. मात्र 'नो' त्यांनी पुन्हा शाईने लिहून घेतला आणि मला चुका सांगायची परवानगी मिळाली. दुर्दैवाने आता मलाच त्या सांगाव्याशा वाटेनात. शाळेतही छडी मी हळूहळू कपाटात ठेवून दिली. त्यामुळे मुलांचं इंग्रजी सुधारलं असं मी म्हणणार नाही, पण ती बोलायला लागली. त्यांतली काही तर इतकं चुकीचं आणि इतकं निर्धास्त बोलत, की मला दाजींचीच आठवण होई.

निजामी संपायच्या आदल्या वर्षी अक्का गेली. त्यानंतर हिवाळ्यात मी दाजींकडे गेलो, तेव्हा ते ओट्यावर उन्हात बसले होते. दुकान उघडं होतं, पण आत कुणी साहेब नव्हता आणि मालकही नव्हता. मी शेजारी बसलो. दाजी समोरच्या रस्त्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, करमत न्हाई, ह्याला इंग्रजीत काय म्हंत्यात?"

मी विचार केला. एक शब्द सांगितला, तो म्हणजे एकटं असणं. दाजींनी मान हलवली. "एकटा कुठं हाय मी? पोरं हायत, सुना हायत. तसं न्हाई." मी दुसरा सांगितला, तो उदास असणं. "उदास न्हाई रं. जेवतोय, झोपतोय. पण करमत न्हाई." मी तिसरा शोधू लागलो. तीस वर्षांचं इंग्रजी मी आतून बाहेरून उलटंपालटं केलं आणि त्यात तो शब्द नव्हता.

"त्या लोकान्ला करमत न्हाई असं कधी हुतच नसंल का?" दाजींनी विचारलं. चेष्टेने नव्हे, खरोखरच माहीत करून घ्यायचं म्हणून.

"होत असेल, दाजी," मी म्हणालो. "मला येत नाही."

"बरं, ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि त्यांनी घोंगडी माझ्या बाजूला थोडी सरकवली. "थोडा येळ मराठीतच बस."